रोज पहाटे परतणारा अपडेट आणि लॅमिंग्टन रोडवरची एक सर्व्हर दुरुस्ती सेवा

लालबागमधील आमच्या सहकारी पतपेढीचा सर्व्हर जवळजवळ सात आठवडे रोज पहाटे एकच अपडेट बसवायला घेत होता आणि तो दर वेळी अर्ध्यावर फसत होता. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील गाळ्यात दोन माणसे सर्व्हर दुरुस्तीची सेवा चालवतात. त्यांनी हा दोष मुळापासून काढला, आणि काढण्याआधी तो मला समजावून दिला. पतपेढीचा व्यवस्थापक म्हणून मी त्यांचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून पाहिले, म्हणून हा अभिप्राय थोडा तपशिलात लिहीत आहे.

आधी दोष सांगतो. आमचे काउंटर सकाळी साडेनऊला उघडते आणि त्याआधीच पिग्मी एजंट आपापल्या याद्या घेऊन आलेले असतात. सर्व्हर पोटमाळ्यावर आहे. त्यावर विंडोज सर्व्हर २०१९ असून सभासदांची खाती एसक्यूएल सर्व्हर २०१७ या डेटाबेसच्या एक्सप्रेस आवृत्तीत राहतात. फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोन-तीन सकाळी असे होऊ लागले की संगणक चालू असायचा, नेटवर्क ठीक असायचे, पण डेटाबेसची सेवा बंद पडलेली असायची. पासबुक पुढे करून उभ्या असलेल्या सभासदाला थांबवून मी शिडीने वर जायचो, सेवा हाताने सुरू करायचो आणि खाली येऊन काम चालू करायचो. अपडेटच्या इतिहासात रोजची एक नवी ओळ दिसायची: त्याच नावाचा सुरक्षा अपडेट, ‘अयशस्वी’ हा शेरा आणि ०एक्स८००७०६४३ हा कोड.

त्या वेळी आमचे वार्षिक देखभालीचे कंत्राट एका दुसऱ्या कंपनीकडे होते. त्यांचा माणूस चार वेळा आला. प्रत्येक वेळी त्याने अपडेटची सेवा थांबवली, ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरचे नाव बदलले आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. असे केल्याने अपडेटच्या इतिहासाची यादी कोरी दिसू लागते, त्यामुळे दिवसभर सगळे आलबेल असल्याचा भास व्हायचा आणि दुसऱ्या पहाटे तोच अपडेट पुन्हा हजर व्हायचा. एकदा त्याने एसएफसी ही विंडोजच्या फाइलींची तपासणी दोनदा चालवली आणि तिला काहीही सापडले नाही. चौथ्या भेटीनंतर सर्व्हर फॉरमॅट करून सगळे नव्याने टाकावे, असे कोटेशन आमच्या हाती आले. हजारो सभासदांच्या ठेवी ज्या यंत्रावर नोंदलेल्या आहेत, ते यंत्र कारण न कळता पुसून टाकण्यास मी तयार नव्हतो, आणि संचालक मंडळानेही मला त्यात पाठिंबा दिला.

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून मी या गाळ्यात गेलो तेव्हा सोबत फक्त मोबाइलवर काढलेले अपडेटच्या यादीचे फोटो होते. सेवा चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या आसपासच्या आहेत आणि त्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगा काम करतो. त्यांनी फोटो पाहून पहिला प्रश्न विचारला, “साहेब, रोज येतो तो तोच अपडेट आहे का, की त्याच नावाचा नवा अपडेट आहे?” हा प्रश्न सात आठवड्यांत मला कोणी विचारला नव्हता. माझ्या फोटोंत दोन गोष्टी रोज दिसत होत्या आणि मी दोन्ही दोषच समजत होतो. त्यांतली एक होती केबी २२६७६०२, म्हणजे विंडोजच्या अंगभूत डिफेंडर या व्हायरसविरोधी सॉफ्टवेअरची व्याख्या-यादी. ती यादी सतत नवी होत असते, पण तिचा केबी क्रमांक, म्हणजे मायक्रोसॉफ्टने अपडेटला दिलेला ओळख-क्रमांक, मात्र बदलत नाही. त्यामुळे ती दिवसातून अनेकदा बसली तरी ते नियमाप्रमाणेच असते, आणि कंसातला आवृत्ती क्रमांक पाहिला की दर वेळी तो पुढे सरकलेला दिसतो. दुसरी ओळ डेटाबेसच्या सुरक्षा अपडेटची होती. तिचा क्रमांकही तोच होता, आवृत्तीही तीच होती आणि शेराही रोज अपयशाचाच होता. “हिच्याकडे बघू या, पहिलीला हात लावायचा नाही,” असे म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसाची वेळ दिली.

लालबागला आल्यावर त्यांनी सर्व्हरवर काहीही बदलण्याआधी डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घेतला. इतके बहुतेक जण करतात. त्यांनी पुढे जाऊन तो बॅकअप आपल्या लॅपटॉपवर रिस्टोअर केला आणि मला बोलावून विचारले, “काल संध्याकाळची रोख शिल्लक किती होती? ती इथे दिसते का पाहा.” शिल्लक जुळली, सभासदांची संख्याही जुळली. ज्या बॅकअपमधून माहिती परत येते हे डोळ्यांनी पाहिले आहे, त्यालाच त्या बॅकअप म्हणतात. आमच्याकडे आठ वर्षे बॅकअप घेतला जात होता आणि तो उघडतो की नाही हे तोवर एकदाही कोणी पाहिलेले नव्हते. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी या सेवेची शिफारस केली असती.

त्यानंतर लॉग वाचण्याचे काम सुरू झाले आणि ते सुमारे दीड तास चालले. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सिस्टिम विभागात विंडोज अपडेटच्या नोंदी गाळून घेतल्या की १९ क्रमांकाची नोंद यशाची आणि २० क्रमांकाची नोंद अपयशाची असते. आमच्याकडे डेटाबेसच्या अपडेटपुढे २० क्रमांकाची लांबलचक रांग होती आणि प्रत्येक नोंद पहाटे तीननंतरची होती, कारण अपडेट बसवण्याची वेळ तीनची ठरवलेली होती. कोडबद्दल त्यांनी सांगितले की ०एक्स८००७०६४३ याचा अर्थ ‘इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली’ एवढाच होतो. ताप आहे हे कळते, कशाचा आहे हे कळत नाही. खरे कारण विंडोजच्या नोंदींत मिळणार नव्हते, ते डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींत होते. एसक्यूएल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये, २०१७ च्या आवृत्तीसाठी १४० या क्रमांकाखाली, ‘सेटअप बूटस्ट्रॅप’ नावाचा उपफोल्डर असतो. त्यातील ‘लॉग’मध्ये प्रत्येक प्रयत्नाची स्वतंत्र नोंद साठलेली असते आणि शेवटच्या प्रयत्नाचा सारांश एका साध्या मजकुराच्या फाइलीत मिळतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बाईंनी कर्सर एका ओळीवर नेला. त्या ओळीत स्पष्ट लिहिले होते की विंडोजच्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरमधील अमुक एमएसआय फाइल, म्हणजे प्रोग्रॅम बसवण्याची मूळ फाइल, गहाळ आहे आणि तिचे मूळ नाव ‘एसक्यूएल इंजिन कोअर’ या शब्दांनी सुरू होणारे आहे. सात आठवडे आम्ही ज्याच्या मागे होतो त्याचे नाव-गाव त्या एका वाक्यात लिहिलेले होते, आणि ते रोज पहाटे नव्याने लिहिले जात होते.

हा इन्स्टॉलर फोल्डर सहसा दिसत नाही, कारण तो लपवलेला आणि संरक्षित असतो. त्यातील फाइलींची नावे आकडे आणि अक्षरांची सरमिसळ असल्यामुळे पाहणाऱ्याला तो कचराच वाटतो, आणि त्याचा आकार काही जीबींपर्यंत वाढत असल्याने जागा मोकळी करायला बसलेल्या माणसाचा हात प्रथम तिकडेच जातो. त्याचे महत्त्व बाईंनी आमच्याच भाषेत सांगितले. सभासदाने खाते उघडताना भरलेला मूळ अर्ज आणि त्यावरील नमुना सही आपण कपाटात जपून ठेवतो. खाते रोज चालते तेव्हा त्या अर्जाची आठवण कोणाला होत नाही, पण वारसाचे नाव बदलायचे असेल तर तो अर्ज लागतोच. अर्ज हरवला असेल तर वारसाची नोंद बदलता येत नाही, आणि खाते मात्र वरवर व्यवस्थित चालू राहते. संगणकातही अशा पद्धतीने बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचा मूळ अर्ज त्या फोल्डरमध्ये असतो आणि पॅच, म्हणजे बसलेल्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करणारा अपडेट, टाकणे म्हणजे नोंद बदलणे.

अपडेट रोज परत का येतो, याचेही उत्तर यातच होते. सर्व्हरवरील अपडेटची यंत्रणा ‘मी हा अपडेट मागे बसवला होता का’ हे आठवून निर्णय घेत नाही. ती प्रत्येक तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष फाइलींची आणि नोंदींची आवृत्ती पाहते आणि जे हवे ते तिथे नसेल तर अपडेट ‘आवश्यक’ ठरवते. नेहमीच्या मांडणीत ही तपासणी साधारण २२ तासांनी होते. आमच्याकडे ती डेटाबेसची जुनी आवृत्ती पाहायची आणि पॅच मागवायची. तीन वाजता पॅच डेटाबेसची सेवा थांबवायचा, मूळ एमएसआय शोधायचा, ती न मिळाल्याने सगळे पूर्ववत करायचा आणि कधी सेवा परत सुरू करायचा, कधी नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीला तीच जुनी आवृत्ती दिसायची. यात अपडेटचा काही दोष नव्हता. तो आपले काम दररोज प्रामाणिकपणे करायला येत होता. एसएफसीला काही सापडले नाही, तेही यामुळेच. ती तपासणी विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइलींपुरती असते, इतर प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलर-फाइली ती परत आणून देत नाही.

मग त्या फाइली गेल्या कुठे? जानेवारीत सी ड्राइव्ह भरला होता आणि देखभालीच्या माणसाने ‘नको असलेल्या’ फाइली काढून जागा करून दिली होती. त्याच वेळी इन्स्टॉलर फोल्डरमधील जुन्या तारखांच्या फाइली गेल्या. ड्राइव्ह का भरला होता हे तेव्हा कोणी पाहिले नाही. रात्रीचे बॅकअप त्याच सी ड्राइव्हवर साठत होते. बाईंनी ते दुसऱ्या डिस्कवर वळवले, जुने बाहेरच्या डिस्कवर हलवले आणि कारणांची साखळी शेवटच्या कडीपर्यंत नेऊन दाखवली. या माणसांचे काम मला विशेष भावले ते इथे.

मला वाटले होते की कारण मिळाले म्हणजे लगेच दुरुस्ती होईल. परंतु तेव्हा मार्चचा शेवटचा आठवडा जवळ आला होता आणि बाईंनी ३१ मार्चच्या वर्षअखेरीपूर्वी डेटाबेसला हात लावण्यास स्पष्ट नकार दिला. त्यांनी तात्पुरती सोय म्हणून अपडेटचे धोरण बदलून ‘आधी विचारा, मग बसवा’ असे केले, म्हणजे पहाटेची उठाठेव थांबली आणि विंडोजचे इतर अपडेट रविवारी हाताने बसवता येऊ लागले. अपडेट कायमचे बंदच करून टाकू, असे मी सुचवले होते. त्यावर त्यांनी न्हावाशेव्याची आठवण करून दिली. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या एका संगणक-हल्ल्यात जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. त्या हल्ल्याने पसरण्यासाठी वापरलेल्या त्रुटींवरचा विंडोजचा पॅच त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झालेला होता. अपडेट बंद ठेवण्याची मुदत दिवसांत मोजावी, महिन्यांत नाही, असे त्यांचे मत आहे आणि आता ते माझेही आहे.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी नऊ वाजता दोघे आले. पुन्हा बॅकअप, पुन्हा रिस्टोअर, पुन्हा शिल्लक जुळवणे. मग त्यांनी एक स्क्रिप्ट चालवली. ती रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील, नोंदी वाचून कोणत्या नावाची फाइल कुठे असायला हवी आणि कोणती नाही, याची यादी देते. यादीत नऊ नावे निघाली. दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरून फाइली उचलून आणता येतील का, असे मी विचारले. तरुण मुलाने समजावले की या फोल्डरमधली नावे प्रत्येक संगणकावर वेगळी पडतात, म्हणून तिकडच्या फोल्डरचा इकडे उपयोग नाही. मूळ इन्स्टॉलरची नेमकी तीच आवृत्ती आणि त्यानंतर बसलेल्या पॅचच्या एमएसपी फाइली मिळवायच्या, आणि प्रत्येकीला या सर्व्हरच्या नोंदीत असलेले नाव देऊन जागेवर ठेवायचे, हाच मार्ग होता. मुलगा एकेक नाव मोठ्याने वाचत होता, बाई पडद्यावर ते ताडून पाहत होत्या आणि जुळले की कागदावर खूण करत होत्या. नऊपैकी एका पॅचची आवृत्ती चुकीची निघाली, ती पुन्हा उतरवून घेतली. या कामाला साडेतीन तास लागले आणि त्यांनी कुठेही घाई केली नाही.

नऊही खुणा झाल्यावर त्यांनी अपडेट हाताने सुरू केला. वीस-बावीस मिनिटांनी सारांशाची फाइल ‘यशस्वी’ म्हणाली, तरी त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी डेटाबेसलाच त्याची आवृत्ती विचारली आणि आलेला क्रमांक अपडेटच्या माहितीपत्रातील क्रमांकाशी जुळवला. मग सर्व्हर रीस्टार्ट केला, अपडेटची तपासणी दोनदा चालवली आणि तो अपडेट यादीत परत येत नाही हे मला दाखवले. खाली जाऊन मी एका खात्याचे पासबुक छापून पाहिले. तेव्हा दुपारचे पावणेतीन झाले होते.

चहाच्या वेळी मी त्यांना विचारले की परत परत येणाऱ्या प्रत्येक अपडेटचे कारण हेच असते का. तसे नसते. विंडोजच्या स्वतःच्या मासिक अपडेटच्या बाबतीत ०एक्स८००७३७१२ असा कोड आला तर विंडोजच्या घटकांच्या साठ्यातच बिघाड असतो. तेव्हा आधी डीआयएसएम ही आज्ञा चालवून साठा दुरुस्त करायचा आणि मग एसएफसी चालवायची. हा क्रम उलटा केला तर एसएफसीला बिघडलेल्या साठ्यातूनच फाइली घ्याव्या लागतात. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज सर्व्हर २०२२ साठी आलेला केबी ५०३४४३९ अनेक ठिकाणी आमच्यासारखाच ०एक्स८००७०६४३ दाखवत फसत होता, पण तिथे कारण अगदी निराळे होते. रिकव्हरीच्या विभाजनात, म्हणजे बिघडलेले विंडोज सावरण्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेल्या भागात, त्याला २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. कोड एक आणि कारणे दोन, म्हणून कोड इंटरनेटवर शोधून मिळालेला पहिला उपाय सर्व्हरवर चालवू नये, असे त्यांनी मला बजावले. ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’चे नाव बदलण्याचा उपायही त्या चुकीचा म्हणत नाहीत. उतरवलेला अपडेटच खराब असेल तर तो लागू पडतो, मात्र चार वेळा करून गुण आला नाही तर पाचव्यांदा करण्यात अर्थ नसतो.

आता उणिवा. संध्याकाळी सातनंतर या सेवेचा फोन उचलला जात नाही, आणि ज्यांचे काम रात्री चालते अशा रुग्णालयांना किंवा छापखान्यांना हे चालणार नाही. दोनच माणसे असल्याने पहिली भेट मिळायला चार-पाच दिवस लागू शकतात. मला दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली, कारण कोणाचे तरी काम पुढे गेले होते. दूरवरून संगणक हाती घेऊन दुरुस्ती करण्यास त्या पहिल्या भेटीत तयार नसतात. मला हे पटते, पण विरार किंवा बदलापूरच्या कार्यालयाला प्रवासाचा खर्च पडेल. तपासणीच्या भेटीचे त्यांनी २,००० रुपये घेतले आणि रविवारच्या कामाचे ९,००० रुपये, जीएसटी वेगळा. दोन्हींची पावती मिळाली आणि आधी सांगितलेल्या रकमेत एक रुपयाही वाढला नाही. फॉरमॅटच्या कोटेशनचा आकडा याच्या चौपट होता.

काम संपल्यावर त्यांनी दोन पानांचा अहवाल दिला, तोही मराठीत, म्हणजे आमच्या संचालक मंडळातील ज्येष्ठ सभासदांनाही तो वाचता आला. त्यात काय बिघडले, कोणत्या ओळीवरून कळले, कोणत्या नऊ फाइली कुठून आणल्या आणि काय बदलले, हे तारीख-वेळेसह आहे. शेवटी लेखी सूचना आहे की इन्स्टॉलर फोल्डरमधून कोणीही काहीही काढू नये आणि सी ड्राइव्हवर २० जीबीपेक्षा कमी जागा उरली की फोन करावा. त्या सूचनेची एक प्रत मी पोटमाळ्यावर सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. आम्ही ते आता त्यानंतरच्या रविवारी बॅकअप पाहून बसवतो. या सेवेकडे जाणाऱ्यांनी अपडेटच्या इतिहासाचा केबी क्रमांक आणि आवृत्तीसह पूर्ण फोटो, अपयशाचा कोड आणि सर्व्हरवर गेल्या तीन महिन्यांत कोणी काय पुसले किंवा बसवले याची यादी सोबत न्यावी. ही तिसरी यादी माझ्याकडे पहिल्या दिवशी नव्हती, आणि जानेवारीतल्या सफाईची गोष्ट मला आठवून सांगावी लागली. गाळा सोमवारी बंद असतो.